मंदे, तू बरोबर होतीस

प्रिय मंदे,

आठ महिने पत्र नाही, त्याच्या शिव्या नंतर घाल. तब्येत ठीक, गुडघा आपला कुरकुरतो. आधी खारीचं ऐक. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, हिचं डोकं फिरलं.

वर्षभर या खारीने मला भंडावून सोडलंय. पेरलेल्या बिया उकरते, फोनची वायर दोनदा तोडली. तिचाही इलाज नाही म्हणा. पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात, कुरतडून झिजवावेच लागतात. पण माझीच वायर? पक्ष्यांच्या दाण्यांत तिखट मिसळलं. पक्ष्यांना ते लागत नाही, खारीला झोंबतं. तेवढं जमलं. कुंड्यांवर भुरभुरलं ते पहिल्या पाण्यात वाहून गेलं, आणि तिखटाचा हात मी डोळ्याला लावला. हस.

परवा दुपारी ती बाहेर पडलेली पाहून माळ्याच्या भोकावर जाळी ठोकली. चार दिवस जुन्या गादीतला कापूस तोंडात धरून पळत होती, तेव्हाच कळायला हवं होतं. अर्ध्या तासात बाई परत. जाळीला लटकून, शेपूट झटकत असा थयथयाट! आणि आतून बारीक चिकचिक.

घाईघाईत जाळी उचकटली तर घरटंच खाली आलं. तीन पिल्लं. गुलाबी, डोळे मिटलेले.

मला त्या सुट्टीतला बुटांचा खोका आठवला, आपण खारीचं पिल्लू ठेवलेला. तू म्हणत होतीस, झाडाखाली ठेवू, आई नेईल. मी म्हणाले, माणसाचा हात लागला की आई टाकते. कुणी सांगितलं होतं? आत्याने, आणखी कोण! मग वातीने गाईचं दूध पाजलं, चौथ्या दिवशी ते गेलं, आणि वर मीच तुला निर्दय म्हणाले. सुट्टी संपेपर्यंत तू बोलली नव्हतीस. मंदे, हात लागला म्हणून खार पिल्लू टाकत नाही. गाईचं दूधच त्यांना सोसत नाही. ‘निर्दय’ मागे घेतलं. फार उशिरा, ठाऊक आहे.

या वेळी दूधबीध काही नाही. खोक्यात तोच कापूस, खाली फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, खोका भोकाजवळ उंचावर. मी पडद्याआड. तासाभराने आली, एकाला तोंडात धरून पळाली. मग दुसरं. तिसऱ्याच्या वेळी अंधार पडला, आणि अंधारात ती फिरकत नाही. रात्री दोनदा उठून बाटलीतलं पाणी बदललं. मांजराच्या नुसत्या चाहुलीने खिडकीशी धावत होते. उजाडताच आली नि तेही नेलं.

कुठे नेली, विचार. माझ्याच स्वयंपाकघराच्या छपरात! आता पिल्लं स्वतः हिंडू लागेपर्यंत, म्हणजे आठ-दहा आठवडे, तिथे खिळा मारायची सोय नाही. आणि फोनची वायर तिथूनच जाते.

धाकटीच्या नोकरीचं काय झालं? तात्यांचा खोकला? सविस्तर कळव, पत्राने. फोनचा भरवसा नाही.

तुझी,
कजाग