लपवणाऱ्यानं आधी शोधणाऱ्याच्या हातांचा विचार करावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जिओकॅशिंगवर पानभर लेख आला. मी तो दोनदा वाचला, नातीला वाचून दाखवला आणि कात्रणही ठेवलं. लेख चांगला आहे. पण त्याच्या कडेला ‘डबा लपवण्याच्या भन्नाट जागा’ अशी चौकट आहे आणि तिच्यात तिसरी ओळ अशी : ‘दिव्याच्या खांबाला चिकटवलेला खोटा जंक्शन बॉक्स, कुणाला संशयही येणार नाही!’ जंक्शन बॉक्स म्हणजे विजेच्या तारांचे जोड ज्यात असतात तो डबा. त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहायला बसलो. मी अडतीस वर्षं वायरमनची नोकरी केली आणि अकरा वर्षं हा खेळ खेळतो आहे. असा खोटा बॉक्स मी स्वतः बनवून लावला होता. त्यातून पुढे काय झालं ते आपल्या वाचकांना कळायला हवं.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर नोंदवून सगळ्यांना कळवतो. बाकीचे जीपीएसच्या आधारानं तिथं पोचतात, डबा हुडकतात, आतल्या वहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तसा, होता तिथंच ठेवून देतात.

माझा खोटा बॉक्स मी मोठ्या हौसेनं केला होता. करड्या रंगाचा जुना प्लास्टिकचा बॉक्स, खाली दोन ग्लँड (वायर आत घ्यायच्या भोकांवरच्या घट्ट बसणाऱ्या कड्या), त्यांतून बाहेर आलेले वीतभर वायरचे तुकडे आणि मागे लोहचुंबक. एका बागेच्या लोखंडी कुंपणाला, बागेच्या मालकाला विचारून, मी तो लावला. आत वही आणि पेन्सिल, विजेचा संबंधच नाही. म्हणून धोका नाही, अशी माझी समजूत. शोधणाऱ्यांनी वहीत कौतुक लिहिलं, ‘तीनदा समोरून गेलो तरी कळलं नाही’ असं लिहिलं. नातीनं तो पहिल्याच फेरीत ओळखला तेव्हा मी तिची पाठ थोपटली.

काही महिन्यांनी तिला घेऊन मी दुसऱ्या कुणाचा तरी डबा शोधायला गेलो. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. जीपीएसनं आम्हाला एका दिव्याच्या खांबाजवळ आणून सोडलं. मी चष्मा पुसत होतो तेवढ्यात ती खाली बसली. खांबाच्या बुडाशी गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लहान झाकण असतं. त्याच्या आत जमिनीतून आलेली केबल वर जाणाऱ्या तारांना जोडलेली असते. त्या झाकणाचा खालचा स्क्रू गेलेला होता, पत्रा दोन बोटं उचकटला होता आणि त्या फटीत नातीची बोटं निम्मी आत गेली होती. मी तिचं मनगट धरून ओढलं. नखांत गंज भरला होता. ती घाबरली नाही, ती चिडली. म्हणाली, “आबा, तुझा डबा असाच तर होता ना?”

मी झाकणाला हात न लावता बॅटरी मारून आत पाहिलं. जोडावरची टेप सुटून लोंबत होती, तांबं उघडं दिसत होतं. डबा तिथं नव्हताच. तो पलीकडच्या पाटीच्या मागे, चुंबकानं चिकटलेली पेरभर नळी होती.

नोकरीत नव्या पोरांना मी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावत असे : आधी सप्लाय बंद, मग टेस्टर, मग हात. आणि माझ्याच नातीला मी उलटं शिकवून बसलो होतो. माझा बॉक्स निर्जीव होता हे खरं, पण त्यानं मुलीला सांगितलं होतं की करडा बॉक्स दिसला की उघडून बघायचं, त्यात बक्षीस असतं. खोटा बॉक्स धोक्याचा नसतो. त्याच्या पुढच्या खांबावरचा खरा बॉक्स धोक्याचा असतो. अर्थिंग तुटलेलं असेल, पाऊस पडून गेलेला असेल, तर झाकण उघडायचीही गरज नाही, आख्ख्या खांबात करंट उतरलेला असू शकतो. त्याच संध्याकाळी मी माझा बॉक्स उतरवला आणि का उतरवला ते नोंदीत लिहून टाकलं.

तेव्हापासून डबा लपवायची जागा मी एकाच कसोटीवर पारखतो. इथं येणारा अनोळखी माणूस आपले हात कुठे कुठे घालेल? डबा जिथं आहे तिथं तर घालेलच. पण तो सापडायच्या आधी आजूबाजूला ज्या दहा-वीस जागा त्याला ‘इथं असेल’ वाटतील, त्या सगळ्या तो चाचपणार. त्या सगळ्यांची जबाबदारी लपवणाऱ्याची असते.

हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं. माझा पहिला डबा म्हणजे कॅमेऱ्याच्या रिळाची काळी डबी होती. शेताच्या बांधावर चुन्या-मातीशिवाय नुसते दगड रचून केलेली भिंत होती, तिच्या एका फटीत मी ती सारली. कुणाला विचारलं नाही. सहा महिन्यांनी गेलो तर भिंतीचा हातभर भाग ढासळलेला. शोधणाऱ्यांनी एकेक दगड ओढून पाहिला होता. त्यांचा तरी काय दोष, मी ‘भिंतीत आहे’ एवढंच सुचवलं होतं. शेतकऱ्याला जाऊन सांगितलं. तो ओरडला नाही, म्हणाला, या सकाळी. सकाळी आम्ही दोघांनी मिळून ती रचली. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाते, तोंड लहान ठेवायचं, हे त्यानं मला हातात दगड देऊन शिकवलं. इंग्लंडमध्ये अशा कोरड्या रचाईच्या भिंतींत डबा ठेवायला मनाई आहे, ती का, हे त्या दिवशी पाठीला समजलं.

जागेच्या मालकाची परवानगी हा या खेळाचा मूळ नियम आहे, आपल्या लेखात तो शेवटच्या परिच्छेदात अर्ध्या वाक्यात उरकला आहे. जमीन खणून डबा पुरायचा नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, शाळा, विमानतळ, लष्करी जागा आणि रेल्वेमार्ग यांच्या आसपास जायचं नाही, हेही तितकंच पक्कं. डबा जाहीर होण्याआधी स्वयंसेवक तपासनीस त्याची माहिती पाहतात, हे लेखात बरोबर आहे. पण ते नकाशावर पाहतात, जागेवर येत नाहीत. उचकटलेलं झाकण नकाशावर दिसत नाही.

हे नियम अनुभवातून आले आहेत. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारनं जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली. तिच्यात वही-पेन्सिल, पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि चक्क घेवड्याचा डबा होता. बादली अर्धी जमिनीत होती. म्हणजे जगातला पहिला डबा आजच्या दोन नियमांत बसत नाही : पुरायचं नाही आणि खाण्याची वस्तू ठेवायची नाही. खाण्याच्या वासानं जनावरं डबा फोडतात, आणि एकानं खणलं की त्यामागून येणारे दहाजण आजूबाजूला खणतात. माणसं चुकली, शिकली आणि नियम झाले.

आता डब्याबद्दल, कारण लेखात ‘कोणताही जुना डबा चालेल’ असं म्हटलं आहे. नाही चालत. शंभर मिलिलिटरपेक्षा लहान तो मायक्रो, त्यापुढे लिटरपर्यंत स्मॉल, लिटर ते वीस लिटर रेग्युलर, हे आकार झाले. आकारापेक्षा झाकण महत्त्वाचं. रिळाच्या डबीचं झाकण उन्हात सैल होतं. माझ्या पहिल्या डबीतली वही फुगून तिचा लगदा झाला होता, एकही नाव वाचता येत नव्हतं. चारही बाजूंनी कड्या लागणारा, झाकणात रबरी गॅस्केट असलेला डबा घ्यावा. बंदुकीच्या गोळ्यांची जुनी लोखंडी पेटी याहून टिकाऊ, पण तिच्यावरची लष्करी अक्षरं रंगवून झाकलीच पाहिजेत. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदर्बी गावात एका साध्या डब्याला बॉम्ब समजून रस्ते बंद झाले, बॉम्बशोधक पथकानं तो स्फोट करून उडवला. म्हणून माझ्या प्रत्येक डब्यावर बाहेरून ठळक लिहिलेलं असतं की हा खेळाचा डबा आहे, आत काय आहे आणि कुणाशी संपर्क साधायचा.

पाणी कुठून शिरतं ते मी नोकरीत शेकडो बॉक्स उघडून पाहिलं आहे. धो धो पाऊस बाहेर राहतो आणि गॅस्केटवरचा वाळूचा एक कण आत ओल आणतो. या खेळात त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे वहीची प्लास्टिकची पिशवी. डबा घाईनं बंद करताना पिशवीचं एक टोक झाकणाखाली चिमटतं, केसाएवढी फट राहते, आणि त्या टोकावरून थेंब थेंब पाणी आत झिरपत राहतं. ओल्या डब्यांपैकी निम्म्या डब्यांत मला हेच टोक सापडलं आहे. दुसरं, दमट हवेत डबा बराच वेळ उघडा ठेवला तर ती हवाच आत कोंडली जाते आणि रात्री थंडावा आला की झाकणाच्या आतून दव धरतं. म्हणून नाव डब्याबाहेर लिहावं, तेवढा वेळ झाकण लावून ठेवावं, आणि बंद करण्याआधी गॅस्केटवरून एकदा बोट फिरवावं. नवा डबा ठेवायच्या आधी मी त्यात कोरडा टिश्यू पेपर घालतो आणि दगड बांधून रात्रभर बादलीभर पाण्यात बुडवतो. सकाळी कागद कोरडा निघाला तरच डबा घराबाहेर जातो. आत पेन्सिलच ठेवावी. ओल्या कागदावर शाई फुटते, पेन्सिल वाचता येते.

जागेची नोंद अचूक असणं हीही हातांचीच बाब आहे. अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थळात एका अंकाचा फरक पडला तर अक्षांशात सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो. नोंदीत तीन मीटरची चूक असेल तर लोक तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर, धुंडाळतात. दहा मीटरची झाली की ३१४. तेवढं गवत तुडवलं जातं, तेवढे दगड उलटे होतात. मी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी निदान पाच नोंदी घेतो आणि त्यांची सरासरी काढतो. दोन डब्यांमध्ये १६१ मीटर अंतर ठेवायचा नियमही याच कामाचा आहे, म्हणजे एकाला शोधताना दुसऱ्याची जागा उकरली जात नाही.

शोधणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. डबा सापडला नाही तर तसं नोंदवा. त्यात कमीपणा वाटून लोक गप्प बसतात. माझा एक डबा चार महिने जागेवर नव्हता आणि मला पत्ता नव्हता, कारण रिकाम्या हातानं परतलेल्या कुणीच ते कळवलं नाही. आणि डबा सापडला नाही म्हणून आपला नवा डबा तिथं टाकून ‘सापडला’ असं लिहू नका. मूळ डबा बहुधा तिथंच असतो, मग एका जागी दोन डबे होतात आणि दोन्हींची काळजी कुणीच घेत नाही.

लेखात ‘सहलीला जाल तिथं एक डबा ठेवून या’ असंही सुचवलं आहे. कृपा करून असं करू नये. जिथं आपण पुन्हा सहज जाऊ शकत नाही तिथं डबा ठेवू नये. फुटलेला डबा, भिजलेली वही हा मग निव्वळ कचरा होतो, आणि आजूबाजूला नवा धोका तयार झाला तर पाहायला कुणी नसतं. मी माझे सात डबे दर दोन महिन्यांनी जाऊन पाहतो. मागच्या फेरीत एका डब्याजवळच्या झाडावर मधमाश्यांनी पोळं धरलेलं दिसलं. त्याच दिवशी डबा तात्पुरता बंद केल्याचं कळवलं आणि घरी घेऊन आलो. पोळं अजून आहे, डबा माझ्या कपाटात आहे.

माझी विनंती अशी. आपली पुरवणी मुलं कापून जपून ठेवतात, चौकट तर हमखास. शाळांना सुट्ट्या लागायच्या आत, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टाइपात छापावं की तिसरी ओळ मागे घेतली आहे, आणि विजेचा खांब, मीटर, जंक्शन बॉक्स किंवा त्यांची नक्कल यांत डबा ठेवू नये व शोधूही नये. ज्यांनी असे डबे आधीच लावले आहेत त्यांनी ते काढून घ्यावेत. काढताना काही अडचण असेल, खांबाचं झाकण उघडं दिसत असेल, तर हात न लावता वीज विभागाला फोन करावा. लेखिकेला या विषयावर पुन्हा लिहायचं असेल तर माझे सातही डबे मी त्यांना दाखवीन. नात आता बारा वर्षांची आहे, ती बरोबर येते म्हणाली आहे.

आपला,
एक निवृत्त वायरमन