धुऊन बघितलंस का?

नौपाडा, ठाणे

चि. मनूस, अनेक आशीर्वाद.

रविवारी ताट अर्धवट टाकून तू रबाळ्याची गाडी पकडलीस, तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. कापडावर छापायचं मशीन तुझं, कर्ज तुझं, शाईही तूच ठरव. मी त्यात पडणार नाही. फक्त दुपट्टे धुऊन बघितलेस का, एवढं कळव.

पिगमेंट शाईच का, ते तू सांगितलंस, मी नंतर शांतपणे आठवलं. गाळ्यात कापडाला वाफ द्यायचा स्टीमर नाही, धुलाईचं पाणी सोडायची सोय नाही. पिगमेंटला 150-160 अंशांची कोरडी उष्णता दिली की झालं. पडदे, अभ्रे असते तर मी गप्प बसलो असतो. पण सुती दुपट्टे गळ्याशी घामात भिजणार. पिगमेंट धाग्यात शिरत नाही गं, बाइंडरच्या, म्हणजे शाईतल्या चिकट द्रव्याच्या जोरावर वर चिकटून असतं. गडद रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघ. रिॲक्टिव्ह शाई सुताशी बांधली जाते. तिला मात्र आधी कापडावर सोडा-युरिया, मग 102 अंशांची वाफ आठ-दहा मिनिटं, मग न बसलेला रंग निघेपर्यंत धुलाई. वाफ कमी पडली की संपलं.

भिवंडीत त्या रात्री बॉयलरचा दाब पडत होता आणि मी माल पुढे ढकलला. सकाळी धुलाईत कापडाच्या जमिनीचा लाल रंग पांढऱ्या फुलांत उतरला. आईच्या पाटल्या त्यानंतरच गेल्या. त्याच वॉइलची, त्या पातळ सुती कापडाची, तुला दुपटी शिवली होती. तुझ्या पाठीवर गुलाबी डाग पडायचे, आई पुसत बसायची.

पुन्हा शिकवायला लागलो, रागावू नकोस. पॉलिस्टरला डिस्पर्स शाई, रेशमाला ॲसिड शाई, हे तुला माझ्याहून चांगलं कळतं. मशीनच्या शाई सोडणाऱ्या हेडमध्ये शाई सुकू नये म्हणून तू रात्री उठून बघतेस, ते मला जमलं नसतं. खालच्या काकांना तुझ्या मशीनचा फोटो दोनदा दाखवला.

हवं तर रिॲक्टिव्हची वाफ-धुलाई बाहेरून जॉबवर्कने करून घे. मी सोबत येईन, बोलणार नाही. पण अख्खा लॉट छापण्याआधी एक तरी दुपट्टा धुऊन बघ.

तुझा निळा नमुना इथेच राहिला. मी तो रोज आईच्या साबणाने धुतोय. काल पाचवी धुलाई झाली. निळा टिकलाय, घडीच्या रेघेवर जरा फिकटलाय. गॅलरीतल्या दोरीवर आहे, शनिवारी आलीस की उजेडात बघ.

तुझे बाबा