भयपटातील आवाजाविषयी मित्रास पत्र

पुणे

प्रिय अनिरुद्ध,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. भयपटातील संगीताचे काम प्रेक्षकाला दचकवण्यापलीकडे काही नसते, हे तुझे मत वाचून राहवले नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो आहे. दचकवणे सोपे असते. पडद्यावर काहीही घडत नसताना प्रेक्षकाला अस्वस्थ ठेवणे अवघड, आणि ते काम बहुतेक वेळा आवाजच करतो.

दिग्दर्शक हिचकॉकचा १९६० सालचा ‘सायको’ हा चित्रपट घे. न्हाणीघरातील खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असे त्याचे मूळचे म्हणणे होते. संगीतकार बर्नार्ड हरमन याने तरीही ते रचले आणि ऐकल्यावर हिचकॉकने आपला विचार बदलला. किंकाळ्यांसारख्या त्या व्हायोलिनांनाच तू दचकवणे म्हणत असशील. पण त्यांना धार कशाने आली ते बघ. या चित्रपटाचे सगळे संगीत केवळ तंतुवाद्यांवर वाजवलेले आहे. व्हायोलिनच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर म्यूट नावाचा लहानसा तुकडा बसवला की स्वराची चमक जाते आणि तो दबका होतो. हरमनने हा प्रसंग वगळता सर्वत्र म्यूट लावायला सांगितले होते. आपले कान त्या कोंदट स्वराला सरावलेले असतात, आणि मग एकाएकी म्यूट उतरवलेली व्हायोलिने अगदी वरच्या पट्टीत कानाशी येऊन भिडतात. त्यानंतर खर्जातील चेलो आणि बास, आणि शेवटी संगीत थांबून उरतो तो फक्त शॉवरच्या पाण्याचा आवाज. माझ्या मते त्या प्रसंगातला सर्वांत भयंकर आवाज हाच आहे, कारण बाई मेली तरी पाणी आधी वाहत होते तसेच वाहत राहते.

तीनच वर्षांनी आलेल्या ‘द बर्ड्स’मध्ये याच जोडीने पार्श्वसंगीत पूर्णपणे वगळले. पक्ष्यांचे कितीतरी आवाज बर्लिनच्या ओस्कार साला याने ट्राउटोनियम या विद्युत वाद्यावर निर्माण केले, आणि हरमन ध्वनिसल्लागार म्हणून सोबत होता. शाळेबाहेर नायिका बाकावर सिगारेट ओढत बसली आहे, आतून मुलांच्या गाण्याची तीच तीच चाल ऐकू येते आहे, आणि तिच्या पाठीमागे खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर एकेक कावळा येऊन बसतो आहे. मुलांना काहीच ठाऊक नसल्याने गाणे आपल्या गतीने चालू राहते आणि आपला जीव टांगणीला लागतो. याच चित्रपटात शेजाऱ्याचे डोळे फोडलेले प्रेत पाहून एक बाई बाहेर धावत येते. तिचे तोंड उघडते, पण किंकाळी फुटत नाही. तेथे ऑर्केस्ट्रा वाजला असता तर भीतीला वाट मोकळी झाली असती, असे मला वाटते.

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो. १९४९ च्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’ या गाण्यात संगीतकार खेमचंद प्रकाश यांना गूढ स्त्रीचा आवाज दुरून जवळ येतो आहे असे ऐकवायचे होते. लताबाईंनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्या दिशेने चालत आल्या. ते अंतर ध्वनिमुद्रणात खरोखरच उतरले आहे. मुखड्यापूर्वीच्या संथ ओळी हेडफोन लावून ऐक, म्हणजे ध्यानात येईल.

शाळेबाहेरचा तो प्रसंगही एकदा आवाज बंद करून आणि एकदा चालू ठेवून पाहा, आणि तरीही मत बदलले नाही तर कारणांसह सविस्तर लिही.

घरी सर्वांना नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा,
श्रीकांत