दुसरा दोर नव्हता, म्हणून आम्ही मुलांना उतरू दिलं नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

दि. १ डिसेंबर २०२५
परळ, मुंबई

विषय : २२ व २३ नोव्हेंबरच्या कर्जत कॅम्पमधील रॅपलिंगची धोकादायक व्यवस्था आणि त्याचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या मंडळातली २२ मुलंमुली आणि आम्ही तीन कार्यकर्ते तुमच्या कॅम्पला आलो होतो. माणशी १,८०० प्रमाणे ४५,००० रुपये आगाऊ भरले. त्यातले अकरा हजार मुलांनी तीन महिने दर रविवारी चाळीचाळीतून रद्दी गोळा करून जमवले होते. बहुतेकांनी लोकलच्या खिडकीतून सोडला तर डोंगर पाहिलेला नव्हता.

चौघांच्या तंबूत सहा जण झोपवले, रात्रीचं जेवण नऊऐवजी अकराला आलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. रानात असं होतं, आणि पिठलं खरोखर चांगलं होतं.

तक्रार रविवारी सकाळच्या रॅपलिंगची, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्याची आहे. तुम्ही कबूल केलेले प्रशिक्षक आलेच नाहीत. त्यांच्या जागी दोन तरुण मुलं होती. त्यातल्या एकाने स्वतःच सांगितलं, "मी मागच्याच महिन्यात लागलो." कड्यावर दोर एकाच झाडाला बांधला होता. दगडाच्या धारेवर तो घासत होता, पण खाली गोणपाटाचा तुकडासुद्धा टाकलेला नव्हता. बिलेचा दुसरा दोर तर नव्हताच. उतरणाऱ्याचा हात सुटला, तो घाबरला, चक्कर आली, तर त्याला धरून ठेवतो तो हा दुसरा दोर. मी सोळा वर्षं सह्याद्रीत फिरतो आहे, गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आहे. नवख्या मुलांना बिलेशिवाय कड्यावरून सोडलेलं मी कुठेही पाहिलेलं नाही.

हेल्मेट सहा. वरून दगड सुटतात म्हणून खाली थांबलेल्यांनाही हेल्मेट लागतं, हे तिथे कुणाच्या गावी नव्हतं. दोन हेल्मेटचे हनुवटीखालचे पट्टे तुटलेले होते, ते सुतळीने बांधले होते.

चिठ्ठ्या टाकून पहिला नंबर आमच्या एका दहावीतल्या मुलीचा लागला होता. हार्नेस, म्हणजे कमरेमांड्यांचा पट्टा चढवून, दरीकडे पाठ करून ती उभी राहिली. मी सहज तिचा कॅराबिनर, म्हणजे हार्नेस दोराला जोडणारी कडी, हातात घेतला. स्क्रूचे आटे गेलेले होते. स्क्रू फिरत होता, पण बसत नव्हता, आणि अंगठ्याने नुसतं दाबलं की गेट, म्हणजे कडीचं तोंड, उघडत होतं. तिचं सगळं वजन त्या एका कडीवर येणार होतं. मी तिला हाताला धरून मागे घेतलं आणि सगळ्यांना खाली उतरायला सांगितलं. व्हॅली क्रॉसिंगलाही, म्हणजे दोरावरून दरी ओलांडायलाही, तेच सामान वापरणार होते, म्हणून तेही थांबवलं. कर्जत स्टेशनपर्यंत ती मुलगी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचा राग मी समजू शकतो.

कुणाला लागलं तर दवाखान्यात न्यायला गाडी कुठे आहे, असं विचारल्यावर कळलं की गाडी सामान आणायला गावात गेली आहे. प्रथमोपचाराच्या डब्यात थोडा कापूस आणि बामची बाटली होती.

दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा तुमच्या माणसाने सांगितलं, "आजवर कधी काही झालेलं नाही." नंतर मेल आला की ग्राहकाने स्वतःहून ॲक्टिव्हिटी रद्द केल्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत. हे वाक्य मला फार लागलं. आम्ही रद्द केलं नाही, आम्हाला थांबवावं लागलं. हे थांबवायचं काम तुमच्या माणसांचं होतं.

तुमच्याच कोटेशनमध्ये रॅपलिंग आणि व्हॅली क्रॉसिंगचे माणशी ६५० रुपये वेगळे दाखवलेले आहेत. पंचवीस जणांचे १६,२५० रुपये पंधरा दिवसांत मंडळाच्या खात्यात परत करावेत. राहण्याजेवणाचे पैसे मी मागत नाही. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तुमच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राची आणि त्या दिवशीच्या दोन्ही मुलांच्या प्रशिक्षण दाखल्यांची प्रत पाठवावी. कोटेशन, पैसे भरल्याची पावती, तुमचा मेल आणि त्या कॅराबिनरचे, सुतळीच्या पट्ट्यांचे फोटो सोबत जोडले आहेत.

उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मुंबईतल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. पण तिथवर जायची माझी इच्छा नाही.

तुमच्या पेजवर येत्या शनिवारच्या, ६ तारखेच्या बॅचची जाहिरात दिसते आहे. वयोगट बारा ते सोळा लिहिलाय. पैशांचं पंधरा दिवसांनी बघा, पण तो कॅराबिनर आणि ती दोन हेल्मेट आजच्या आज बाजूला काढा, दुसऱ्या दोराची सोय करा, आणि तसं केल्याचं मला शुक्रवारपर्यंत लेखी कळवा.

आपला,
कार्यकर्ता, युवक मंडळ
परळ, मुंबई