कोंबड्याचं पीस आणि तांबोशी

मसुरे,
कार्तिक शुद्ध षष्ठी

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबांनी हे स्वतः वाचायचं नाही, आईने वाचून दाखवायचं. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा दादाने फ्रिजवर चिकटवल्यात ना? इकडे घर ठीक, मांजर ठीक, पोफळींना पाणी वेळेवर.

आता खरी बातमी. काल मी खाडीवर गरवायला गेले होते. एकटी. आई, लगेच कपाळावर हात मारून घेऊ नकोस.

माझ्या ऑफिसातला एक जण दरवर्षी हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे बंदी असते, मासा अंडी घालतो म्हणून. काठी नुसतीच पडून, तर ती त्याने मला दिली. ट्राउट थंड पाण्यातला, इंग्रजांनी विलायतेहून आणून पहाडातल्या नद्यांत सोडलेला. आपल्या खाडीत त्याचा निभाव लागायचा नाही. पण काठीला कुठे ते कळतंय? गंमत म्हणजे या गरीला आमिष नाही की शिसं नाही. पिसं बांधून खोटी माशी करायची. तिला वजनच नसतं, म्हणून फेकायची ती जाड दोरी. माशी आपली तिच्यामागून जाते.

मी माशीऐवजी सुंगट केलं, खोटी कोळंबी. कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं, आईच्या मशीनच्या डब्यातला लाल दोरा, गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. पहिली तीन झुरळं झाली. चौथं कुठे सुंगटासारखं दिसलं.

तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ; काल पंचमी, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती. बाबा, तुमचाच हिशोब. साडेपाचला बांधावर पोचले तेव्हा ओहोट चांगली लागली होती. कांदळातली बारीक मासळी उतरत्या पाण्याबरोबर बाहेर पडते आणि तांबोशी तोंडावरच टपून असते, हे तुम्ही दादाला सांगत होतात. मी मागे कंदील धरून उभी होते. दादा पाण्यात ढेकळं मारत होता.

पहिला अर्धा तास नुसता तमाशा. दोरी आधी मागे पूर्ण उलगडू द्यावी लागते, मग पुढे फेकायची. आणि माझ्या मागे तिवरं. तीन वेळा तिवरंच गरवली. पागाचं जाळं घेऊन आलेले शेजारचे काका बघत उभे राहिले. "कोंबड्याच्या पिसार मासो खंय गावता गो?" मी काय बोलणार, मलाही तेच वाटत होतं.

दिवस बुडाला. भगवंतगड काळा पडला, पाण्यावर तेवढा उजेड उरला. चिप्पीच्या झाडाच्या मुळांशी पीस पडलं. दोन बोटं दोरी ओढली, थांबले, परत ओढली. आणि असा हिसका बसला, की दोरी तळहात भाजत गेली. एकदाच कुशीवर वळली, तांबडी, चांगली हातभर. मग सरळ मुळांत. दोरीच्या टोकाचा नायलॉनचा तंगूस तुटला, कोंबड्यासकट गेला. "गावता हां!" काका म्हणाले, आणि पाग टाकायचंच विसरले.

नंतर एक वीतभर लागली, ती सोडली. आई, एवढीशीचं सार काय होणार? काकांनी दोन बोय दिले, ते रवा लावून तळले. काठी गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवली. मिठाने रीळ गंजलं तर त्या मित्राला तोंड कसं दाखवू?

बाबा, एकच विचारायचंय. तांबोशी मुळांकडे वळली की तुम्ही तंगूस सैल सोडत होतात की दाबून धरत होतात? तेव्हा दादा मधे उभा होता, मला दिसलं नाही. फोनवर नको, तो ऐकेल. आईकडून लिहून पाठवा. वद्य पंचमीला मी परत खाडीवर जाणार आहे, त्याआधी पत्र पोचलं पाहिजे.

तुमची,
धाकटी