मारियोंच्या उमेदवारीची वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या जन्मशताब्दीनिमित्त आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. मिस निंबूपानी, ठिपक्यांच्या झग्यातील मिस फोन्सेका ही त्यांची पात्रे, मुंबईत कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या त्यांच्या चित्रांनी सजलेल्या भिंती, पद्मश्रीपासून मरणोत्तर पद्मविभूषणापर्यंतचे सन्मान हे सारे त्यात आहे. मात्र त्याआधीच्या पंचवीस-तीस वर्षांची बोळवण ‘चित्रकलेचे रीतसर शिक्षण न घेताही’ एवढ्या अर्ध्या वाक्यात झाली आहे. विधान चुकीचे नाही. पण ही कला त्यांना आपसूक लाभली, असा समज त्यातून होतो आणि माझी हरकत त्या समजाला आहे.

मारियोंचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला आणि घर गोव्यात, सासष्टी तालुक्यातील लोटली गावी. लहानपणी ते घराच्या भिंती रंगवू लागले, तेव्हा त्यांच्या आईने त्यांच्या हाती एक कोरी वही दिली. त्या वहीला ते आपली डायरी म्हणत. शाळेत पाद्रींची चित्रे काढून त्यांनी बोलणीही खाल्ली. व्यंगचित्रकाराच्या शिक्षणातला हा धडा तसा लवकरच झाला म्हणायचा. पुढे वहीची सवय सुटली नाही. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या आता पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत, त्या लेखकाने अवश्य पाहाव्यात. दिवसभरात जे पाहिले, ज्यांच्याशी गप्पा झाल्या, गावात जे घडले, ते त्या-त्या तारखेखाली चित्रात उतरवण्याचा हा शिरस्ता आहे. संपादकांनी मागितले म्हणून नव्हे, वाचकांना आवडेल म्हणूनही नव्हे, तरीही नेमाने काढलेली ही चित्रे आहेत. रोज काहीतरी टिपलेच पाहिजे आणि ते आजच कागदावर आले पाहिजे, ही वर्तमानपत्राच्या चित्रकाराला लागणारी शिस्त त्यांच्या हाताला नोकरी लागण्यापूर्वीच लागली होती. त्यांच्या नंतरच्या कोणत्याही गर्दीच्या चित्रात मुख्य प्रसंग बाजूला ठेवून कडेला पाहावे: पायात घुटमळणारे कुत्रे, खिडकीतून डोकावणारी म्हातारी, भलत्याच दिशेला पाहणारा इसम. ही माणसे कल्पनेने सुचत नाहीत. ती आधी पाहून ठेवलेली असावी लागतात.

बंगळूरच्या सेंट जोसेफ्स शाळेनंतर मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी इतिहास विषयात बी. ए. केले. प्रशासकीय सेवेचा विचार झाला, घरच्यांच्या आग्रहावरून वास्तुकलेचा अभ्यासही सुरू झाला, पण तो त्यांनी लवकरच सोडून दिला. (त्यांच्या चित्रांतील गोव्याची घरे, बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) आणि कौलारू छपरे पाहता ते दिवस अगदीच वाया गेले, असे मला वाटत नाही.) त्यानंतर जे आले त्याला आपण उमेदवारी म्हणतो. मित्रांसाठी चार पैशांवर पोस्टकार्डे रंगवून देणे झाले आणि जाहिरातीच्या स्टुडिओत चार वर्षे काम झाले. ‘इलस्ट्रेटेड वीकली’ने काही चित्रे छापली, ‘करंट’ साप्ताहिकाने नोकरी दिली आणि ज्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने आधी नकार दिला होता त्याच ‘टाइम्स’ने वर्षभराने त्यांना बोलावून घेतले. गुलबेंकियन प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती, पोर्तुगालमधील एक वर्ष आणि इंग्लंडमधील पाच वर्षे ही सारी या पायावरची आहेत.

हे तपशील केवळ लेखातील उणीव दाखवण्यासाठी लिहीत नाही. डायरीने मारियोंचा हात तयार केला हे खरे, पण वीकलीने आणि करंटने जागा दिली नसती, तर त्या डायऱ्या लोटलीच्या घरातील कपाटातच राहिल्या असत्या. नवख्या माणसाचे चित्र छापायचे, त्याचे पैसे द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा मागायचे, ही जबाबदारी त्या काळच्या नियतकालिकांनी पार पाडली. मराठीतही हे घडले आहे. मडगावचे दीनानाथ दलाल आणि त्यांच्यानंतरचे कितीतरी चित्रकार आपल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर आणि कथाचित्रांवर वाढले.

आज मात्र बहुतेक दैनिकांच्या पुरवण्यांत, आणि क्षमा असावी, आपल्याही पुरवणीत, कथेसोबत येणारे चित्र संगणकावरून तयार घेतलेले असते. कथा गावच्या फेस्ताची (चर्चच्या उत्सवाची) आणि चित्रातील चेहरे कोठलेच नसतात. क्वचित हाताने काढलेले चित्र आलेच, तर त्याखाली चित्रकाराचे नाव नसते. गोवा कला महाविद्यालयातून आणि मुंबईच्या सर जे. जे. मधून दरवर्षी मुले बाहेर पडतात. त्यांच्यापैकी ज्यांना रेषेतून बोलायचे आहे त्यांनी आपले काम कोणाकडे घेऊन जावे?

शताब्दीच्या निमित्ताने आपण एवढे करावे, ही विनंती. पुरवणीतील निदान एक कथाचित्र दर आठवड्याला स्थानिक चित्रकाराकडून काढून घ्यावे, त्याचे योग्य मानधन द्यावे आणि लेखकाच्या नावाइतक्याच ठळक टाइपात त्याचे नाव छापावे. संपादकीय पानावर दोन स्तंभांची जागा व्यंगचित्रासाठी राखून ती सहा महिने एकाच होतकरू व्यंगचित्रकाराकडे द्यावी. सुरुवातीची काही चित्रे फसतील, वाचकांची तक्रारपत्रेही येतील, तीही छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा