अंगठा कुणाचा?

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी स्लाइडचा शेवटचा डबा संपवून, ट्रायपॉड खांद्यावर टाकून तुम्ही जिना उतरलात, तेव्हा मी दारातून नुसतं "या परत" एवढंच म्हणाले. पुढचं काही तोंडातून फुटलंच नाही. आठ दिवस हे पत्र मनातल्या मनात लिहिते आहे. तुम्हाला एकट्याला दिलं असतं तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही ते घडी घालून खिशात टाकलं असतं. म्हणून चार लोकांसमोर लिहिते. नाव मात्र घालत नाही, तुमचा संकोच मला ठाऊक आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझे बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. सत्तरच्या दशकात त्यांना स्लाइडचा नाद लागला. ३५ मिलिमीटर फिल्मचा एकेक तुकडा दोन इंच बाय दोन इंचाच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला. उजेडासमोर धरला की आत सगळं जग सरळ, रंगीत उभं. बाबांचे बहुतेक रोल पूर्व जर्मनीतल्या ओर्वो कंपनीचे. एकच कोडाक्रोमचा, मामाने १९७९ साली अमेरिकेहून आणलेला. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, पावसाळ्यातलं येऊर, मासुंदा तलावाच्या काठी १९७८ साली सुरू झालेलं नवंकोरं गडकरी रंगायतन, आणि बऱ्याच स्लाइडमध्ये कुठेतरी कडेला आई. एकूण ४१२. प्रत्येकीच्या चौकटीवर ड्राफ्ट्समनच्या नेटक्या अक्षरात नंबर, जागा, साल. आणि जवळपास सगळ्यांच्याच एका कोपऱ्यात लाल शाईचा बारीक ठिपका.

बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. प्रोजेक्टर त्याच्याही आधी बंद पडला होता. डबे माळ्यावर, आणि ठाण्याचा पावसाळा तुम्ही जाणताच. दोन वर्षांपूर्वी डबा उघडला तर काही स्लाइडवर बुरशीची पांढरी जाळी धरलेली. मी घाबरून स्लाइडचे डिजिटल फोटो करून घ्यायला एका दुकानात गेले. काचेचा दरवाजा, एसी, भिंतीवर मोठाले फोटो. "आठवणी जपतो" असं लिहिलेलंही होतं.

त्यांनी काय जपलं ते सांगते. दीड महिन्याने एक पेन ड्राइव्ह दिला आणि नंबराप्रमाणे लावलेल्या स्लाइड एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून परत केल्या. घरी टीव्हीवर लावलं, तर निम्मे फोटो आरशातल्यासारखे उलटे. गडकरी रंगायतनाची अक्षरं उलटी, आईचा पदर उजव्या खांद्यावर. आईने दोन-चार फोटो पाहिले आणि म्हणाली, "बंद कर. ही मी नाही." मी फोन केला तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, मोबाईलमध्ये फ्लिप करून घ्या ना." बुरशीच्या स्लाइडबद्दल विचारलं तर म्हणे, "पाण्याने धुऊन देतो, एक्स्ट्रा पडतील." त्या धुवायला दिल्या नाहीत हे नशीब. मला पैसे गेल्याचं दुःख नाही, काका. ४१२ वेळा त्यांच्या हातात एका माणसाचं अक्षर आलं आणि एकदाही कुणी ते वाचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मग आपली गाठ पडली, ती मराठी ग्रंथसंग्रहालयात. १८९३ सालच्या त्या संस्थेने ठाण्यात किती माणसं एकमेकांना भेटवली असतील कोण जाणे. मी जुन्या ठाण्याच्या फोटोंबद्दल चौकशी करत होते, तुम्ही शेजारच्या टेबलावर पेपर वाचत होतात. बोलता बोलता मी पर्समधून एक स्लाइड काढून दाखवली. तुम्ही ती हातात घेण्याआधी रुमालाने बोटं पुसलीत. कडेला धरलीत, खिडकीकडे नेलीत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "ओर्वो दिसतेय, लाल पडलीय. घरी करता येईल. माझ्याकडे अगदी जवळून फोटो घ्यायची मॅक्रो लेन्स आहे."

नौपाड्यात, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. ऐन मे महिना. पडदे ओढलेले, पंखा बंद, कारण पंख्याने धूळ उडते आणि कॅमेरा थरथरतो. टेबलावर एलईडीचं पॅनल, वरून खाली तोंड केलेला कॅमेरा. फास्ट लोकल गेली की टेबल हलकंसं हादरायचं, आणि तुम्ही बटणावरचं बोट काढून ती जाईपर्यंत थांबायचात. घाम कानशिलावरून ओघळतोय आणि तुम्ही गाडी जायची वाट बघताय, हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं.

पण मला लिहायचंय ते पहिल्या रविवारच्या एका क्षणाबद्दल.

तुम्ही पहिली स्लाइड उचललीत आणि थबकलात. तो लाल ठिपका पाहिलात. मला म्हणालात, "हा ठिपका खाली डावीकडे आला की चित्र सरळ. प्रोजेक्टरमध्ये स्लाइड डोक्यावर उलटी घालावी लागते, तेव्हा हाच ठिपका वर उजवीकडे येतो, बरोबर उजव्या अंगठ्याखाली. अंधारात चुकू नये म्हणून." आणि मग सहज विचारलंत, "अंगठा कुणाचा?"

मी म्हणणार होते, बाबांचा. आयुष्यभर मला तसंच वाटत आलं होतं. भिंतीवर पांढरी चादर, चाळीतली पंधरा-वीस माणसं दाटीने बसलेली, बाबा चादरीशेजारी उभे राहून काठीने कडा दाखवताहेत, एवढंच माझ्या आठवणीत. प्रोजेक्टरजवळ कोण होतं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

आतल्या खोलीच्या दारातून आई म्हणाली, "माझा."

काका, पुढे तुम्ही जे केलंत त्यासाठी हे सगळं पत्र आहे. तुम्ही "वा" म्हणाला नाहीत की कौतुकाचे चार शब्द बोलला नाहीत. तुम्ही उठलात, तुमची खुर्ची डावीकडे सरकवलीत, दुसरी खुर्ची ओढून उजव्या हाताला मांडलीत, आणि डबा तिच्यासमोर ठेवून म्हणालात, "वहिनी, मग तुम्हीच द्या. मी नुसतं बटण दाबतो."

आई ८१ वर्षांची आहे. सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरते. गेल्या चार-पाच वर्षांत आम्ही सगळे तिला एकच वाक्य बोलत आलोय: "तू बस, आम्ही करतो." प्रेमाने बोलतो, काळजीने बोलतो, पण कुठलंही काम तिच्या हातात उरू दिलेलं नाही. त्या दिवशी तिने स्लाइड उचलली आणि तिचा अंगठा त्या ठिपक्यावर असा जाऊन बसला, जसा कुंकवाच्या करंड्याकडे हात जातो. तिने न बघता ती फिरवली, ठिपका खाली डावीकडे आणून पॅनलवर ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. त्या पिशवीतल्या विस्कटलेल्या स्लाइड नंबराप्रमाणे परत लावल्या त्याही तिनेच, चष्मा कपाळावर चढवून, एकेक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन. सहा रविवार, ४१२ स्लाइड. तुम्ही एकदाही घाई केली नाहीत. कधी ती मधेच थांबून नुसतीच बघत राहिली, तर लोकलसाठी थांबायचात तसेच थांबलात.

मदत करणारी माणसं मी खूप पाहिली, आणि त्यांचे उपकार विसरणाऱ्यांतली मी नाही. पण बहुतेकांच्या मदतीत "तुम्ही बाजूला व्हा" असतंच. समोरच्याला काय येतं ते विचारून, त्याच्यासाठी जागा करून, मग आपलं काम सुरू करणारा माणूस मला पन्नाशीत पहिल्यांदा भेटला.

रंगांच्या वेळीही तेच. कोडाक्रोमच्या स्लाइड काल काढल्यासारख्या निघाल्या. अंधारात ठेवलं तर ती फिल्म रंग सोडत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. ओर्वोच्या मात्र लालसर झालेल्या. संगणकावर तुम्हाला वाटेल तो रंग देता आला असता. तुम्ही आईला विचारलंत, "वहिनी, ही साडी कुठल्या रंगाची?" ती म्हणाली, "चिंतामणी." आणि उठून तिने गोधडी आणली, त्या साडीचा तुकडा शिवलेली. शिवणीच्या आत दुमडलेला भाग उसवून तुम्ही स्क्रीनशेजारी धरलात आणि तो निळा सापडेपर्यंत अर्धा तास घालवलात. बुरशी लागलेल्यांना तुम्ही पाण्याचा थेंब लावू दिला नाहीत. बुरशी फिल्मवरचं जिलेटिन पोखरते, पाणी लागलं की चित्रच निघून येतं, म्हणालात. रबरी फुग्याने हवा मारून जेवढी धूळ गेली तेवढी गेली, बाकी डाग तसेच राहू दिलेत. मला ते डागांसकट हवे आहेत.

आणि ती शेवटची स्लाइड. बाबांची एकुलती एक, तलावपाळीवर उभे, आईने काढलेली. जराशी हललेली, म्हणून कधी चादरीवर दाखवली गेली नाही, म्हणून तिच्यावर ठिपकाही नाही. सरळ बाजू कुठली ते फिल्मच्या चमकेवरून तुम्हाला कळलं असणारच. तरी तुम्ही आईला विचारलंत. तिने स्लाइड पॅनलवर ठेवली, वाकून पाहिलं, उलटवली, परत पाहिलं. म्हणाली, "खिसा डावीकडे हवा. त्यात पेन असायचं." मग माझ्याकडे लाल पेन मागितलं आणि थरथरत्या हाताने कोपऱ्यात ठिपका दिला. थोडा मोठाच झाला तो.

तेवढ्यात लोकल आली आणि आपण तिघंही गाडी जाईपर्यंत गप्प बसलो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, जेवायलाही कधी थांबला नाहीत, दर वेळी अर्धा कप चहा. ते ऋण मी फेडायला जात नाही. तुमची तब्येत सांभाळा. सौ. काकूंना नमस्कार.

आपली,
नौपाड्याची तिसऱ्या मजल्यावरची

ता. क. तुमचा तो रबरी फुगा आमच्या टेबलावरच राहिला आहे. आईने तो स्लाइडच्या डब्याशेजारी कपाटात ठेवला आहे. न्यायला याल तेव्हा आधी कळवा. ती म्हणते, या वेळी जेवल्याशिवाय सोडायचं नाही.